कॅमेरा कुणाच्या शेजारी उभा आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही न्यू जर्सीत राहता, मुलगी पंधरा वर्षांची आहे, दोघींनी मिळून ‘ग्रीन बुक’ पाहिला. तुम्हाला तो आवडला, शेवटी डोळे भरून आले. मुलगी मात्र म्हणाली, ‘आई, हा सिनेमा त्या गोऱ्या ड्रायव्हरचा आहे, पियानो वाजवणाऱ्याचा नाहीच.’ तिचं बरोबर आहे का, आणि वंशभेद किंवा दोन संस्कृतींची टक्कर सिनेमात प्रामाणिकपणे दाखवली आहे की नाही हे साध्या प्रेक्षकाने ओळखायचं कसं, असं तुम्ही विचारता.

तिचं बरोबर आहे. तुमचे डोळे भरून आले त्यातही काही चुकलं नाही, कारण सिनेमा तुम्हाला ज्या खुर्चीत बसवतो तिथूनच तुम्ही बघणार. मी २८ वर्षं कॅमेऱ्यामागे उभी आहे. तेव्हा कथेबद्दल किंवा संवादांबद्दल इतरांनी बोलावं; मला जे सांगता येतं ते कॅमेरा कुठे ठेवला, उजेड कुणावर टाकला आणि क्लोज-अप कुणाला दिला याबद्दल. वंशाच्या बाबतीत सिनेमा खरं काय मानतो ते संवादांपेक्षा तिथे लवकर सापडतं, हा माझा अनुभव आहे.

‘ग्रीन बुक’च घ्या. १९६२ साली डॉन शर्ली नावाचा कृष्णवर्णीय पियानोवादक अमेरिकेच्या दक्षिण भागात कार्यक्रमांसाठी निघतो आणि टोनी हा इटालियन वंशाचा गोरा माणूस त्याची गाडी चालवतो. या प्रवासात शर्लीला एका बारमध्ये मारहाण होते. पुढे एकदा पोलीस त्याला बेड्या घालून उघड्या अंगाने बसवून ठेवतात. दोन्ही प्रसंग आठवून बघा. दोन्ही वेळा आपण टोनीच्या पावलांनी तिथे पोचतो. शर्ली त्या दारातून आत शिरला तेव्हा त्याच्या मनात काय होतं, हात लावणारा पहिला माणूस कोण होता, ते आपण पाहिलेलं नाही. आपल्याला दिसतो तो टोनीला बसलेला धक्का, टोनीचा संताप, टोनीचं शहाणपण. अपमान शर्लीचा, पण बदल टोनीत. पटकथा लिहिणाऱ्यांत टोनीचा मुलगा होता आणि आपल्याला कुणी विचारलंच नाही अशी शर्लीच्या घरच्यांची तक्रार होती, हे कळलं की कॅमेरा पुढच्या सीटवर का बसला ते लक्षात येतं. ज्या पुस्तकाचं नाव सिनेमाला दिलंय ते हार्लेममधल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या पोस्टमनने १९३६ पासून काढलं. कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठे खोली मिळेल, कुठे पेट्रोल मिळेल, याची ती यादी होती. एका पोस्टमनने आपल्या माणसांचा जीव वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं जमवलेली ही माहिती. सिनेमात ते पुस्तक जेमतेम दिसतं. मला त्याचं फार वाईट वाटलं.

ही जुनी खोड आहे. १९१५ मध्ये ग्रिफिथने ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ काढला तेव्हा कृष्णवर्णीय खलनायकाचं काम तोंडाला काळं फासलेल्या गोऱ्या नटाने केलं होतं. पण खरी इजा केली ती संकलनाने. एकीकडे घरात अडकलेले गोरे, दुसरीकडे घोड्यांवरून दौडत येणारे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचे लोक, आणि दृश्यं आलटून पालटून, वेग वाढवत. आज कुठल्याही मारधाडपटात शेवटची दहा मिनिटं अशीच असतात. त्या तंत्रामुळे प्रेक्षागृहातला भला माणूससुद्धा मनातल्या मनात ‘पोचा लवकर’ असं क्लॅनला म्हणू लागला. कधीच संपलेली ती संघटना त्याच वर्षी नव्याने उभी राहिली. ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने १९२० मध्ये ‘विदिन अवर गेट्स’ काढून झुंडीने केलेली हत्या मारल्या जाणाऱ्यांच्या बाजूने दाखवली. पण तो सिनेमा किती जणांपर्यंत पोचला आणि ग्रिफिथचा किती जणांपर्यंत, याची तुलनाच नको.

आता उजेडाबद्दल. १९६७ चा ‘इन द हीट ऑफ द नाइट’ मी शिकणाऱ्या मुलांना दरवर्षी दाखवते. मिसिसिपीतल्या एका गावात खून होतो. उत्तरेकडचा कृष्णवर्णीय डिटेक्टिव्ह टिब्स योगायोगाने तिथे सापडतो आणि गोऱ्या पोलीस प्रमुखाबरोबर तपास करतो. टिब्सचं काम सिडनी पॉयटिए यांनी केलंय, कॅमेरा हॅस्केल वेक्सलर यांचा. तोवर हॉलिवूडच्या रंगीत सिनेमात प्रकाशयोजना गोऱ्या चेहऱ्याच्या हिशेबानेच व्हायची. त्याच प्रखर उजेडात गडद त्वचा चकाकते आणि चेहऱ्यावरचे बारकावे वाहून जातात. वेक्सलरनी पॉयटिएंच्या चेहऱ्यासाठी उजेड उतरवला. ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्यामुळे टिब्सच्या कपाळावरची शीर दिसते, ओठ आवळले जाताना दिसतात. तो विचार करताना दिसतो. मोठ्या पडद्यावर विचार करताना दिसणं हा मान त्याआधी कृष्णवर्णीय नटाच्या वाट्याला क्वचितच आला होता.

त्यातला काचघराचा प्रसंग बघा. एंडिकॉट हा गावातला बडा कापूसमालक आपल्या ऑर्किडच्या झाडांमध्ये उभा आहे. ऑर्किडला जसं जपावं लागतं तसं निग्रोलाही, असं तो अगदी मायेने सांगतो. मग त्याच्या लक्षात येतं की हा माणूस आपली चौकशी करायला आलाय. तो टिब्सच्या थोबाडीत मारतो. टिब्स त्याच क्षणी उलट मारतो. मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. एंडिकॉट पोलीस प्रमुखाला विचारतो, तू पाहिलंस ना, आता काय करणार? तो म्हणतो, मला माहीत नाही. आणि मागे सरबताचा ट्रे घेऊन म्हातारा कृष्णवर्णीय नोकर उभा आहे. मी मुलांना तो प्रसंग आवाज बंद करून दाखवते आणि सांगते, थपडेकडे बघू नका, त्या नोकराकडे बघा. इतक्या वर्षांच्या चाकरीत जे घडू शकत नाही असं त्याने मानलं होतं, ते त्याच्यासमोर घडलंय. तो चेहरा फ्रेममध्ये ठेवायचं ज्याला सुचलं त्याला वंशभेद म्हणजे काय ते कळलं होतं.

या सिनेमाचं बरंचसं चित्रीकरण मिसिसिपीत झालंच नाही, इलिनॉयमध्ये झालं. दक्षिणेत यायला पॉयटिए तयार नव्हते. १९६४ मध्ये ते आणि गायक हॅरी बेलाफाँटे नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांसाठी पैसे घेऊन मिसिसिपीतल्या ग्रीनवुड गावी गेले असताना क्लॅनच्या लोकांनी त्यांच्या गाडीचा पाठलाग केला होता. ग्रीनवुड हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

उजेडाचा हा प्रश्न फिल्मच्या रिळापर्यंत जातो. छपाईचे रंग बरोबर आहेत का ते तपासायला फोटो लॅबमध्ये एक नमुना कार्ड असे. त्यावर गोरी बाई. कोडॅकच्या तशा पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कांती नीट आली म्हणजे सगळं नीट, असा हिशेब. एकाच फोटोत गोरी आणि काळी मुलं असली की काळ्या मुलांचे फक्त डोळे आणि दात दिसत. त्यांच्या आयांनी तक्रारी केल्या नसतील का? पण फिल्म सुधारायला जोर लावला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांनी, कारण जाहिरातीत त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा नीट येत नव्हत्या. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

कारण मीही तेच केलेलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तेलाच्या जाहिरातीचं ग्रेडिंग, म्हणजे चित्रीकरणानंतर रंग आणि उजेड जुळवण्याचं काम, चालू होतं. मुलगी विदर्भातली, सावळी, देखणी. मी मोठ्या पांढऱ्या कापडावरून उजेड परतवून तिच्या गालाच्या हाडावर घेतला होता. गडद त्वचेला जास्त उजेड लागतो असं नव्या मुलांना वाटतं, पण तिला लागतो मोठा, मऊ आणि बाजूने परतणारा उजेड, मग ती स्वतःच उजळते. फ्रेम सुंदर आली होती. मागच्या सोफ्यावरून क्लायंटकडचा माणूस म्हणाला, ‘मॅडम, हिला जरा उठवा ना.’ आमच्या धंद्यात ‘उठवा’ म्हणजे गोरी करा. कलरिस्टने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. अर्धा स्टॉप (स्टॉप हे आमचं उजेडाचं माप) उठवल्यावर तिच्या जबड्याची रेघ गेली, गालावर राख फासल्यासारखं दिसू लागलं. सगळे म्हणाले, छान. ते निघून गेल्यावर कलरिस्टने मला वेक्टरस्कोपचा, म्हणजे रंग मोजणाऱ्या यंत्राचा, पडदा दाखवला. त्यावर लाल आणि पिवळ्याच्या मधे एक तिरकी रेघ असते, माणसाच्या त्वचेची. त्याने आधी त्या मुलीचा चेहरा टाकला, मग त्याच जाहिरातीतल्या गोऱ्यापान नटाचा, मग मोबाइलवर काढलेला माझा. तिघांचे ठिपके त्याच रेघेवर. रंगछटा एकच, फरक फक्त उजळपणाचा, आणि तो दुसऱ्या यंत्रावर दिसतो. तो मुलगा काही बोलला नाही. त्यानंतर मी कुणालाही ‘उठवलं’ नाही, आणि त्यापायी दोन कामं गेली.

रंग लपवण्याची किंमत काय असते त्याची मुंबईतली गोष्ट आहे. मर्ल ओबेरॉन ही तीसच्या दशकातली हॉलिवूडची मोठी नटी १९११ मध्ये मुंबईत जन्मली. अँग्लो-इंडियन घरातली. तिने जगाला सांगितलं की मी टास्मानियात जन्मले, आणि जवळजवळ जन्मभर ते सांभाळलं. सांभाळणं भाग होतं, कारण तेव्हाच्या हॉलिवूडच्या आचारसंहितेत गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायला बंदी होती. खरं कळतं तर गोऱ्या नायकासमोर तिला कुणी उभं करतं का, शंकाच आहे. १९३९ च्या ‘वदरिंग हाइट्स’मध्ये तिने कॅथी ही नायिका केली. मूळ कादंबरीत काळासावळा, परका, जिप्सीसारखा म्हणून हिणवला जाणारा नायक तो हीथक्लिफ. त्याचं काम लॉरेन्स ऑलिव्हिए या गोऱ्या इंग्रजाने केलं, आणि आपल्या मुंबईच्या मुलीने गोरी कॅथी. तो सिनेमा पाहताना मी प्रेमकथा बघूच शकत नाही. मी तिच्या चेहऱ्यावरचा उजेड बघत बसते.

आणि गोडबोले! इंग्रज लेखक फॉर्स्टरच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीत प्राध्यापक नारायण गोडबोले आहेत. नाव ऐकूनच मराठी माणसाचे कान टवकारतात. डेव्हिड लीनने १९८४ मध्ये सिनेमा केला तेव्हा ते काम ॲलेक गिनेस यांना दिलं, चेहऱ्याला तपकिरी रंग लावून. त्याआधी दोनच वर्षं ‘गांधी’मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी गोपाळ कृष्ण गोखले उभे केले होते, रोहिणी हट्टंगडींनी कस्तुरबा केल्या होत्या आणि भानू अथैय्यांना वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं होतं. म्हणजे माणसं कुठे शोधायची ते लंडनला ठाऊक होतं. गिनेस थोर नट होते, याबद्दल दुमत नाही. पण दोन संस्कृतींच्या गैरसमजाबद्दलच्या सिनेमात एका संस्कृतीचा माणूस दुसऱ्या संस्कृतीचा रंग लावून बसतो तेव्हा ती टक्कर पडद्यावर होतच नाही.

टक्कर कशी दाखवावी याचं मला सर्वांत पटलेलं उदाहरण म्हणजे स्पाइक ली यांचा १९८९ चा ‘डू द राइट थिंग’. ब्रुकलिनमधला एक रस्ता, उन्हाळ्यातला सर्वांत तापलेला दिवस. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत सॅल या इटालियन माणसाचं पिझ्झाचं दुकान २५ वर्षं चालू आहे. भिंतीवर सगळे इटालियन वंशाचे नामवंत. एक गिऱ्हाईक विचारतं, इथे आमच्यापैकी कुणाचा फोटो का नाही? सॅल म्हणतो, दुकान माझं, भिंत माझी. दोघांचंही खरं आहे, आणि त्यातून दिवस मावळेपर्यंत एक तरुण पोलिसांच्या हातून गळा आवळून मरतो आणि दुकान जळतं.

अर्नेस्ट डिकरसन यांचा कॅमेरा इथे कुणा एकाच्या शेजारी उभाच राहत नाही. सॅलचं दुकानावरचं प्रेम तो मन लावून दाखवतो. या वस्तीतली पोरं माझ्या हातचं खाऊन मोठी झाली, असं सॅल म्हणतो तेव्हा ते खोटं वाटत नाही. मध्येच एक जागा अशी आहे की पाच माणसं एकामागून एक थेट कॅमेऱ्यात बघून दुसऱ्या जमातीला शिव्यांची लाखोली वाहतात. काळा इटालियनांना, इटालियन काळ्यांना, पोर्तो रिकोचा मुलगा कोरियनांना, गोरा पोलीस पोर्तो रिकनांना, आणि कोरियन दुकानदार ज्यूंना. दर वेळी कॅमेरा त्यांच्या अंगावर चाल करून जातो. प्रेक्षकाला बाजूला सरकायला जागाच ठेवलेली नाही, शिवी त्यालाच बसते. शेवटी मुकी हा सॅलचे पिझ्झा घरपोच नेणारा कृष्णवर्णीय तरुण कचऱ्याचा पिंप उचलून दुकानाची काच फोडतो. ली सांगतात की मुकीने ते योग्य केलं का, असं त्यांना विचारणारे नेहमी गोरेच असतात. कृष्णवर्णीय प्रेक्षकाने हा प्रश्न कधी विचारला नाही. एकाला काच दिसली होती, दुसऱ्याला मेलेला मुलगा. त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’ला, गोरी म्हातारी आणि तिचा काळा ड्रायव्हर यांच्या मैत्रीच्या सिनेमाला. लींच्या सिनेमाला त्या गटात नामांकनही नव्हतं. २०१९ मध्ये ‘ग्रीन बुक’ जिंकला तेव्हा हे पुष्कळांना आठवलं.

तुमच्यासाठी मात्र मी वेगळा सिनेमा सुचवेन. मीरा नायर यांचा १९९१ चा ‘मिसिसिपी मसाला’, पटकथा सूनी तारापोरवाला यांची. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावलं. त्यांतलं एक कुटुंब मिसिसिपीत येतं, ग्रीनवुडला. होय, तेच गाव. तिथे गुजराती मंडळींची मोटेलं आहेत. घरातली मुलगी मीना आणि गालिचे साफ करणारा डिमिट्रियस हा कृष्णवर्णीय तरुण एकमेकांच्या प्रेमात पडतात. मोटेलवाल्यांच्या गर्दीत तुम्हाला मोहन आगाशे आणि मोहन गोखले दिसतील, आणि ओळखीच्या चेहऱ्यांमुळे ते सगळं एकदम आपल्या घरात येऊन बसतं.

सुरुवातीला मीनाच्या हातून डिमिट्रियसच्या गाडीला धक्का लागतो. कोर्टकचेरी होईल या भीतीने मोटेलवाले त्याला गोड बोलून सांगतात की आपण सगळे रंगाचे लोक, गोरे नाही ते सगळे एकच. हीच मंडळी दोघांना एका खोलीत पकडतात तेव्हा ते ‘एकच’ कुठल्या कुठे जातं. मग डिमिट्रियस मीनाच्या वडिलांसमोर उभा राहतो, स्वतःच्या गालाला हात लावून म्हणतो की तुमच्या आणि माझ्या रंगात थोड्याच छटांचं अंतर आहे, आणि इथे आल्या आल्या तुम्ही गोऱ्यांसारखं वागायला लागता. तेव्हा कॅमेरा वडिलांवरही थांबतो. वडिलांचं काम करणाऱ्या रोशन सेठ यांच्या चेहऱ्यावर राग नाही, ओळख पटल्याची कळा आहे. कारण युगांडात त्याच्या जिवलग मित्राने त्याला सांगितलं होतं की आफ्रिका आता आफ्रिकनांची, काळ्या आफ्रिकनांची. या माणसाला एका देशाने काळा नाही म्हणून काढलं आणि दुसऱ्या देशात तो काळ्या माणसाला दारातून परत पाठवतोय. हे गोऱ्या दिग्दर्शकाला दाखवता आलं असतं असं मला वाटत नाही. ज्याने लग्नाच्या बोलण्यांत ‘मुलगी जरा सावळी आहे’ हे वाक्य ऐकलंय त्यालाच ते जमतं.

आपल्याकडे जात आहे, ती वंशापेक्षा वेगळी गोष्ट आहे आणि दोन्हींची सरमिसळ करू नये. पण कॅमेऱ्याची बाजू हा मुद्दा तिथेही तोच. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त जब्या शेवटी दगड फेकतो तो सरळ कॅमेऱ्यावर. तोवर प्रेक्षक गावकऱ्यांच्या हसण्यात कुठेतरी उभा होता, हे त्या दगडाने कळतं.

तुम्ही विचारलं तसं, घरी करून बघण्याजोगं एवढंच सांगते. कुठलाही असा सिनेमा पाहिल्यावर मुलीला विचारा, अपमानाच्या प्रसंगी तुला कुणाचा चेहरा आठवतो, ज्याचा अपमान झाला त्याचा की जो बघत होता त्याचा? नावाजलेल्या सिनेमांत उत्तर बऱ्याचदा दुसरं येतं. काळ्या पात्राला घर आहे का, आई आहे का, गोरं कुणी खोलीत नसताना तो कसा बोलतो ते आपल्याला दिसतं का? एका कृष्णवर्णीय मुलाच्या आयुष्यावरच्या ‘मूनलाइट’मध्ये दुसरं काही दिसतच नाही, आणि त्यात नटांच्या चेहऱ्यावर पावडर न मारता तेल लावलं होतं, घामाची चमक राहावी म्हणून. तो सिनेमा मुलगी थोडी मोठी झाल्यावर दाखवा. ‘डू द राइट थिंग’ आधी तुम्ही एकट्याने बघा; शिव्या पुष्कळ आहेत आणि एक प्रणयप्रसंग उघडा आहे.

सुरुवात ‘मिसिसिपी मसाला’ने करा. त्यातही दोघांचं प्रेम मोकळेपणाने दाखवलंय, तेव्हा तयारीने बसा. त्यात एक बाई म्हणते की मुलगी काळी असून श्रीमंत असेल तर चालतं, गोरी असून गरीब असेल तरी चालतं, पण काळी आणि गरीब दोन्ही असून चालत नाही. तिथे तुमची मुलगी तुमच्याकडे बघेल. आपल्या घरात असं कोण बोलतं, हे ती विचारेल, आणि बहुतेक तिला उत्तर आधीच माहीत असेल. सिनेमा तिथे थांबवा आणि तिला खरं नाव सांगा.